दोन आजोबांचा निरोप

मला दोन आजोबा होते. तसे ते सगळ्यांनाच असतात. पण माझ्या दोन आजोबांचे एका इंग्रज माणसावरून भांडण होते, आणि तो इंग्रज त्या दोघांच्या जन्माआधी तीसेक वर्षे मरून गेलेला होता.

वडिलांकडचे आजोबा पुण्याचे. शाळेत इतिहास शिकवायचे. इंग्रजांवर राग त्या पिढीत पुष्कळांचा होता, पण आजोबांचा राग मोघम नव्हता, नावानिशी होता. दूध उतू गेले, नळ वेळेआधी गेला, तुळशीबागेत छत्री विसरली, की ते कपाळाला हात लावून म्हणायचे, "अलपिष्टनाचं काम!" लहानपणी मला वाटे, अलपिष्टन हे अतिसाराच्या जातीचे काही दुखणे असावे. पुढे कळले की तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पेशवाई बुडाली तेव्हाचा पुण्याचा इंग्रज रेसिडेंट. जुन्या मराठी कागदांत त्याचे नाव असेच देशी धुलाई होऊन आलेले आहे.

आईकडचे आजोबा गिरगावातले. त्यांच्या दारावर पितळी पाटी होती. पाटीवर आधी नाव, मग बी. ए., आणि मग कंसात "एल्फिन्स्टन". पाटी रोज घासली जाई, पण घासणाऱ्या हाताचा जोर कंसावर जरा अधिक असे. "आमचं एल्फिन्स्टन," असे ते म्हणत तेव्हा कॉलेज आणि साहेब यांत फरक उरत नसे. लोकलने दादरकडे जाताना एल्फिन्स्टन रोड स्टेशन आले की त्यांचा हात नकळत टोपीकडे जाई.

हे दोघे माझ्या मुंजीत एका पंगतीला आले. ही व्यवस्था ज्याने केली त्याचे नाव घरात आजही कुणी घेत नाही. मसालेभातापर्यंत ठीक चालले होते. मठ्ठा आला आणि पुण्याचे आजोबा म्हणाले, "राज्य बुडवलं हो त्यानं."

"शाळा काढली त्यानं," मुंबईचे आजोबा.

"घर जाळायचं आणि राखेनं दात घासायला शिकवायचं, याला शिक्षण म्हणतात होय?"

मठ्ठ्याचे पुढे काय झाले ते मला आठवत नाही. मी बटू होतो आणि मातृभोजनानंतर पेंगत होतो. मात्र त्यानंतर दोघे एका पंगतीला बसले नाहीत, आणि आता दोघेही गेल्याला पुष्कळ वर्षे झाली.

आता वळू या क्रॉयडनकडे. हे लंडनच्या दक्षिणेला आहे आणि तिथे माझी मुलगी राहते. तिच्याकडे गेलो असताना एका पुस्तकात सहज वाचले की एल्फिन्स्टन २० नोव्हेंबर १८५९ ला सरे परगण्यात वारला आणि लिम्प्सफील्ड नावाच्या खेड्यात चर्चच्या आवारात त्याला पुरले. नकाशा पाहिला. क्रॉयडनहून गाडीने ऑक्स्टेड, तिथून मैलभर चाल. म्हणजे ज्या माणसाला आमच्या घरात इतकी वर्षे शिव्या आणि नमस्कार आळीपाळीने पडत होते, तो मुलीच्या घरापासून एवढ्याशा अंतरावर पडलेला!

"बाबा, लोक विंडसरचा राजवाडा बघायला जातात," मुलगी म्हणाली.

"कोण असतं त्या गावात?" सौ.ने विचारले.

"एल्फिन्स्टन."

"जेवायला थांबायचंय?"

ही माझ्या कुटुंबाची इतिहासाकडे बघण्याची दृष्टी. तरीही सौ. डबा घेऊन माझ्याबरोबर निघाली. मी दोन आजोबांचे दोन निरोप घेऊन निघालो. एक शिवी, एक नमस्कार. घाईत चष्मा मात्र घरी राहिला. (अलपिष्टनाचं काम!)

लिम्प्सफील्ड हे टेकड्यांच्या पायथ्याचे गाव. एक रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना जुनी घरे, आणि वळणावर सेंट पीटरचे चर्च. इंग्लंडातली खेडी पाहिली की वाटते, या लोकांनी आधी चर्च बांधले असावे आणि मग त्याला सोबत म्हणून गाव वसवले असावे. आवारात शिरायच्या वाटेवर लाकडी खांबांचे, कौलारू छपराचे दार आहे. सौ. त्या सावलीत टेकली आणि तिने डबा उघडला. मी ज्ञान पाजळले, "याला लिचगेट म्हणतात. लिच हा जुना इंग्रजी शब्द. अर्थ, प्रेत. पूर्वी खांद्यावरून आणलेलं प्रेत पाद्रीबुवा येईपर्यंत इथंच टेकवायचे."

सौ. उठली. "हे बसायच्या आधी सांगायचं असतं," एवढेच म्हणाली आणि डबा मिटला. त्या दिवशी ऐतिहासिक माहितीची किंमत मी दोन गुळपोळ्यांनी मोजली.

आताची इमारत मुळात बाराव्या शतकातली, म्हणजे आपल्याकडे देवगिरीच्या यादवांचा जम बसत होता त्या सुमाराची. चौकोनी, ठेंगणा मनोरा आहे आणि तो दक्षिणेच्या अंगाला आहे. इंग्लंडात बहुतेक ठिकाणी मनोरा पश्चिमेच्या टोकाला असतो. इथला जरा बाजूला उभा आहे, लग्नात फोटोच्या वेळी मुलीचा मामा उभा असतो तसा. पण गावात चर्च याच्याही आधीपासून होते, आणि त्याला लेखी पुरावा आहे.

१०६६ साली नॉर्मंडीचा विल्यम समुद्र ओलांडून आला, हेस्टिंग्जच्या लढाईत हॅरल्ड राजा मारला गेला आणि विल्यम गादीवर बसला. वीस वर्षांनी, १०८६ साली, त्याने जवळजवळ सगळ्या राज्याचा सातबारा तयार करवला. त्याला ते डूम्सडे बुक म्हणतात. म्हणजे कयामतच्या दिवशीही ज्यावर अपील नाही असे दप्तर. (आपल्या तलाठ्याचे दप्तरही याच जातीचे, फक्त नाव साधे आहे.) त्यात लिम्प्सफील्डची नोंद आहे. एक चर्च, एक पाणचक्की, एक मासे धरायची जागा, दगडाच्या दोन खाणी, दीडशे डुकरांपुरते रान आणि ससाण्यांची तीन घरटी. नऊशे वर्षांपूर्वी कुणी सरकारी माणूस मान वर करून झाडावरची घरटी मोजत उभा होता, आणि खालून गावकरी सांगत असणार, "दोनच आहेत हो साहेब, तिसरं कावळ्याचं."

पण त्या नोंदीतली खरी गंमत पुढेच आहे. हे गाव लढाईआधी त्या हॅरल्डच्याच मालकीचे होते. विल्यमने ते घेतले आणि देवाला देऊन टाकले. हॅरल्ड जिथे पडला तिथे विल्यमने बॅटल ॲबी नावाचा मठ बांधला आणि त्या मठाच्या खर्चासाठी हे गाव लावून दिले. म्हणजे राज्य हॅरल्डचे घेतले, पुण्य विल्यमला लागले, आणि खर्चही हॅरल्डच्याच गावावर टाकला. पुण्याचे आजोबा हे वाचायला हवे होते. सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले असते, "बघा! ही सवय जुनीच!"

पुढे चारशे-साडेचारशे वर्षे मठाचे बरे चालले. मग आठव्या हेन्रीला मुलगा हवा झाला, त्यासाठी नवी बायको हवी झाली, पोप परवानगी देईना, तेव्हा हेन्रीने पोपलाच काडीमोड दिला आणि इंग्लंडचे चर्च स्वतंत्र केले. घराण्यातल्या भांडणातून वेगळी चूल मांडली जाते, तसा हा धर्म वेगळा निघाला. १५३८ साली बॅटल ॲबी बंद पडली आणि लिम्प्सफील्ड लंडनच्या ग्रेशॅम या धनाढ्य व्यापारी घराण्याकडे गेले. सेंट पीटर जागचा हलला नाही. कालपर्यंत लॅटिनमध्ये ऐकत होता ते आता इंग्रजीत ऐकू लागला, एवढेच.

त्याच १५३८ साली आणखी एक हुकूम निघाला. प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चखाली येणाऱ्या वस्तीत, पाद्रीबुवांनी वही ठेवायची आणि बाप्तिस्मा, लग्न व दफन यांची नोंद करायची. बारसे, बोहले आणि अखेर. मधल्या उलाढालींना जागा नाही. तू राज्य बुडवलेस की शाळा काढलीस, हे ती वही विचारत नाही. गवळ्याला एक ओळ, गव्हर्नरालाही एकच ओळ. मला वाटते, आमच्या मुंजीच्या पंगतीत अशी एखादी वही मधे ठेवायला हवी होती.

आत दोन बाया फुलदाण्या भरत होत्या. त्यांतल्या वयस्कर बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि काही विचारायच्या आतच सांगून टाकले, "डीलियस ना? चला, दाखवते."

"नाही, मी एल्फि..." म्हणेपर्यंत त्या बाहेर पडल्यासुद्धा. इंग्रज माणूस मदत करायची ठरवतो तेव्हा त्याला अडवणे शक्य नसते. आपला इतिहास याला साक्ष आहे.

फ्रेडरिक डीलियस हा मोठा संगीतकार. ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. बापाने धंद्याला जुंपला, तो रमेना, म्हणून १८८४ साली तो फ्लोरिडात संत्र्याच्या मळ्यावर गेला. तिथे संत्री सोडून त्याने संगीताचाच अभ्यास केला. पुढचे आयुष्य फ्रान्समध्ये काढले, उतारवयात आंधळा आणि लुळा झाला, आणि एरिक फेन्बी नावाचा तरुण जवळ ठेवून सूर तोंडाने सांगत त्याने रचना लिहून घेतल्या. १९३४ साली तो गेला. देवावर काडीचा विश्वास नाही, पण इच्छा काय, तर दक्षिण इंग्लंडातल्या एखाद्या खेड्यात चर्चच्या आवारात निजायचे! आपल्याकडेही असे नास्तिक असतात. देव मानत नाहीत, पण पुरणावर अढळ श्रद्धा असते.

जागा सुचवली हॅरिसन भगिनींनी. त्यांतली बिअॅट्रिस ही चेलो वाजवणारी. १९२४ च्या मे महिन्यात शेजारच्या ऑक्स्टेडजवळच्या आपल्या बागेत बसून ती चेलो वाजवत होती आणि झाडीतले नाइटिंगेल पक्षी साथ करत होते. बीबीसीने ते थेट सगळ्या देशाला ऐकवले. पक्ष्यांनी मानधन मागितले नाही, असा साथीदार पुन्हा मिळाला नाही. तर १९३५ च्या मे महिन्यात डीलियसची शवपेटी फ्रान्सहून इथे आणली आणि मध्यरात्री, कंदिलांच्या उजेडात, साठेक माणसांच्या साक्षीने जमिनीत ठेवली. त्याची बायको येल्का नवऱ्यासाठी निघाली ती वाटेतच आजारी पडली, आणि दोनतीन दिवसांत लंडनला गेली. तिला त्याच्याच शेजारी ठेवले.

पुढे बिअॅट्रिसही याच आवारात आली. डीलियसचे संगीत ज्याने जन्मभर वाजवले तो सर टॉमस बीचम १९६१ साली वारला. त्याला आधी दुसऱ्या दफनभूमीत पुरले होते, पण तिथे काही फेरबदल निघाले आणि १९९१ साली तोही इथे आला. मेल्यावर तीस वर्षांनी बदली, आणि तीही हव्या त्या गावी! आयलीन जॉइस ही पियानो वाजवणारी त्याच वर्षी त्याच्या शेजारी आली. एकूण मैफल जमली आहे. "कधी कधी वाटतं, रात्री यांची तालीम चालत असेल," बाई म्हणाल्या आणि आपल्याच विनोदाला घाबरून चर्चकडे पाहू लागल्या.

मी संधी साधली. "मला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हवे आहेत."

"बॉम्बेचे गव्हर्नर?" बाईंनी आठवले. "हो, आहेत ते. इथंच कुठंतरी असतील." भाजी आणायला गेलेल्या माणसाबद्दल बोलावे तसा त्यांचा सूर होता. मग घड्याळ पाहून त्या फुलांकडे गेल्या.

मी शोधायला लागलो. जुन्या दगडांवर शेवाळ चढलेले, अक्षरे पावसाने पुसलेली, आणि माझा चष्मा क्रॉयडनला. मी वाकून बोटांनी अक्षरे चाचपायला लागलो. सौ. मागून म्हणाली, "अहो, लोक बघतायत." तिथे बघणारे सगळे आडवे होते. तरी मी सरळ झालो.

दगड सापडेना तेव्हा मी एका बाकावर बसलो आणि माणूस आठवू लागलो. १७९६ साली तो हिंदुस्थानात आला तेव्हा वय सोळा. १८०३ साली असईच्या लढाईत वेलस्लीच्या बाजूला घोड्यावर होता. १८११ साली पुण्याचा रेसिडेंट झाला. मुळा-मुठेच्या संगमावर राहायचा, फावल्या वेळात ग्रीक वाचायचा, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या मनात काय आहे याची बित्तंबातमी ठेवायचा. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. त्या दिवशी पेशव्यांच्या लोकांनी संगमावरची रेसिडेन्सी जाळली. त्याची पुस्तके आणि कागदपत्रे राख झाली. बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. वर्गात हे वाक्य सांगताना पुण्याचे आजोबा आवाज खाली आणायचे, म्हणे. घरात कुणी गेले असावे तसा. त्यांची पुस्तके जळल्याचे मात्र त्यांनी कधी सांगितले नाही. ते मी फार उशिरा वाचले.

मग साहेबाने काय केले? जहागिरी, इनामे पुष्कळशी तशीच चालू ठेवली. नवी सून शहाणी असली तर पहिल्याच दिवशी फडताळातले डबे हलवत नाही, त्यातला प्रकार. १८१९ ते १८२७ तो मुंबईचा गव्हर्नर होता. १८२१ साली पुण्याला विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. ती वाढत वाढत पुढे डेक्कन कॉलेज झाली. आता पुण्याचे आजोबा ज्यांच्या तसबिरीला हात जोडल्याशिवाय चहा घेत नसत ते लोकमान्य टिळक बी. ए. झाले ते याच डेक्कन कॉलेजातून! हा मुद्दा मुंबईच्या आजोबांना ठाऊक नव्हता हे आमच्या कुळाचे भाग्य.

पण गंमत पुढेच आहे. त्या पाठशाळेला पैसा कुठला? पेशव्यांच्या दक्षिणेतला. श्रावणात विद्वानांना जी दक्षिणा वाटली जाई, त्या रकमेतून ती चालली. आणि मुंबईचे ते कंसातले कॉलेज? १८२७ साली साहेब निघाले तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या नावाने दोन लाखांहून अधिक रुपयांची वर्गणी जमवली, त्यातून ते उभे राहिले. म्हणजे दोन्ही ठिकाणी पैसा आपला, नाव त्याचे. हॅरल्डचे गाव आणि विल्यमचे पुण्य! हा मुद्दा पुण्याच्या आजोबांना ठाऊक नव्हता. दोघेही निम्म्या माहितीवर जन्मभर लढले, आणि दोघेही निम्मे बरोबर होते. आणखी एक. टोपीला हात लागायचा ते एल्फिन्स्टन रोड स्टेशन या साहेबाचे नव्हतेच. ते त्याच्या पुतण्याचे, १८५३ ते १८६० या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड एल्फिन्स्टनचे. २०१८ साली त्याचे प्रभादेवी झाले. आजोबांनी इतके नमस्कार पुतण्याच्या खात्यावर जमा केले!

साहेब परत गेला. लग्न केले नाही. गव्हर्नर जनरलचे पद चालून आले ते नको म्हणाला. १८४१ साली हिंदुस्थानचा इतिहास लिहून काढला, आणि अखेरची वर्षे या गावात पुस्तकांत काढली. त्याचा एक विचार प्रसिद्ध आहे. या लोकांना शिकवले तर ते एक दिवस आपल्याला घरी पाठवतील, आणि तरीही शिकवायलाच हवे. त्याच्या नावाच्या कॉलेजातून दादाभाई शिकले, आणि १८९२ साली थेट लंडनच्या पार्लमेंटात जाऊन बसले. रानडे, भांडारकर, तेलंग तिथलेच. डॉ. आंबेडकर पदवीपर्यंत तिथेच शिकले. साहेबाला घरी जायचा रस्ता दाखवणारे पुष्कळजण त्याच रस्त्याने आले. हे कळल्यावर मी राग कुठे ठेवू आणि नमस्कार कुठे ठेवू? दोन्ही खरे, आणि एकाने दुसरा फिटत नाही. शनिवारवाडा जळून गेला, पण निशाण चढले ती तारीख जळत नाही. आणि हे सगळे तारीखवार मांडून पुण्याच्या आजोबांची बाजू घ्यायची, तर ते हत्यारही मी त्या दुसऱ्याच शाळेत घडवून घेतलेले.

मी परत आत गेलो. बाई दोन पावले मागे सरून फुलांकडे बघत होत्या. मी विचारले, "इथं कुणाला हॅरल्ड राजाबद्दल वाईट वाटतं का हो? गाव त्याचं होतं."

बाई चकित झाल्या. "हॅरल्ड?" त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. "त्याला आता बरीच वर्षं झाली." मग हळूच म्हणाल्या, "पण हेस्टिंग्जला आपण जिंकायला हवं होतं."

मला त्या बाईंबद्दल एकदम आपलेपणा वाटला. साडेनऊशे वर्षे झाली, तरी "आपण"! आमची तर दोनशे. आमच्या घरातल्या भांडणाला अजून पुष्कळ मुदत आहे.

दाराजवळ अभिप्रायाची वही होती. नाव, गाव, शेरा. बाई म्हणाल्या, "लिहा ना काहीतरी." मी चष्म्याशिवाय, अंदाजाने, मराठीत लिहिले. "दोन आजोबांकडून. एकाचा नमस्कार. दुसऱ्यांनी जे सांगितलं होतं ते चर्चमध्ये लिहिता येत नाही." ओळ तिरपी जाऊन वरच्या कुणाच्या तरी अभिप्रायात घुसली.

बाईंनी त्या अक्षरांकडे कौतुकाने पाहिले. मग जरा थांबून, दुखवू नये अशा आवाजात विचारले, "एल्फिन्स्टन... तुमचे कुणी नातेवाईक लागत होते का?"

सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी जरा विचार केला.

"हो," म्हटले, "लांबचे. येणंजाणं बंद आहे, पण मालमत्तेचं अजून मिटलेलं नाही."

बाईंनी समजुतीने मान हलवली. म्हणाल्या, असे प्रत्येक घरात असते. मग त्यांनी आम्हाला चहा दिला, आणि मी छपराच्या दुरुस्तीच्या डब्यात दोन पौंड टाकले. पावती मागितली नाही. या वेळी तरी पैसे आपले आणि नाव कुणाचेच नाही, असे होऊ दे म्हटले.